डक्टमधली आणि कौलाखालची कबुतरं, न मारता कशी घालवायची

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. संडास-बाथरूमच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, कबुतरांनी ठाण मांडलंय. एसीच्या बाहेरच्या युनिटमागं घरट्यात दोन अंडी आहेत. वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी कठड्यावर जोंधळा टाकतात. सासऱ्यांना दमा, आणि सासूबाईंचं म्हणणं की मुक्या जीवाला हात लावायचा नाही. शिवाय वडगावच्या जुन्या कौलारू घरातही वळचणीला हीच तऱ्हा.

सासूबाईंचंही राहील आणि तुमचंही काम होईल. फक्त क्रम पाळावा लागेल, आणि अंडी आहेत म्हणून आधी थोडं थांबावं लागेल.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी पक्ष्यांच्या जाळ्या बसवायचं काम करतो. मला बोलावणं येतं तोवर घरातल्यांचे सगळे उपाय करून झालेले असतात. खिडकीत जुन्या सीडी लटकत असतात, कठड्यावर प्लॅस्टिकचं घुबड असतं आणि त्याच घुबडाच्या डोक्यावर कबूतर निवांत बसलेलं असतं. हाकलल्यानं कबूतर जात नाही. बसायची आणि अंडी घालायची जागा बंद झाली की जातं. दुकानात मिळतात त्या बहुतेक वस्तू हाकलायच्या आहेत, म्हणून पैसे जातात आणि कबुतरं राहतात.

ते तुमच्याकडंच का येतं, हे आधी बघा. आपल्याकडचं हे कबूतर म्हणजे पारवा, मूळचा कड्याकपारीतला पक्षी. झाडाच्या फांदीवर तो घरटं करत नाही. त्याला सपाट, आडोशाची, वरून झाकलेली कपार लागते. जुन्या विहिरींचे कोनाडे, किल्ल्याची तटबंदी, देवळाचं शिखर या त्याच्या जुन्या जागा. आपण इमारती बांधल्या त्यात कपारीच कपारी: डक्टमधले पाइप, खिडकीवरचा छज्जा, एसीचं युनिट आणि भिंत यांच्यातली वीतभर फट. एखाद्या सकाळी पडद्याआडून युनिटकडं बघत बसा. आधी नर येतो, कोपऱ्यात बसून मान खालीवर करतो, गळ्यातल्या गळ्यात घुमतो. मादीला जागा पटली की तो एकेक काडी आणून तिच्यापुढं ठेवतो आणि ती बसल्या जागी पोटाखाली सारते. काडी म्हणजे काहीही चालतं: केरसुणीची काडी, बांधकामावरच्या तारेचा तुकडा, कधी केसांचा आकडा. घरटं म्हणावं असं त्यात काही नसतं, मूठभर काड्या आणि विष्ठा. पण त्याच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पिल्लं झाली की विष्ठेनं ते थापून घट्ट होतं. मग ती जोडी जागा सोडत नाही.

आता तुमच्या अंड्यांचं. कबूतर बहुधा दोनच अंडी घालतं. उबवायला १७ ते १९ दिवस लागतात. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत नर बसतो, बाकी वेळ मादी. पिल्लं उडायला आणखी चार-पाच आठवडे घेतात. म्हणजे आज अंडी ताजी असली तर पिल्लं जायला सात आठवडे धरा. सुरुवातीचं पिल्लू अगदी कुरूप असतं, अंगावर पिवळे केस आणि चोच भलती मोठी, ते बघून घाबरू नका. पुरती पिसं फुटली, डोक्यावर पिवळे केस एखाददुसरेच उरले आणि पिल्लू कडेला येऊन पंख फडफडवू लागलं, की जाळी बसवणाऱ्या माणसाला सांगून ठेवा. दोन्ही पिल्लं उडाली त्याच दिवशी काम करायचं. “उद्या बघू” म्हणाल तर फसाल, कारण आधीची पिल्लं अजून खात असतानाच मादी पुढची अंडी घालते, कधी शेजारच्याच कोपऱ्यात. म्हणून या सात आठवड्यांत बाकीचे रिकामे कोपरे अडवून ठेवा. पाण्यानं भरलेल्या बाटल्या आडव्या रचा किंवा विटा लावा, इतकंही तेवढ्यापुरतं पुरतं. मात्र वरून खाली पडेल असं काही ठेवू नका.

अंडी उचलून टाकली तर? सासूबाईंना ते चालणार नाही हे आहेच, पण त्याचा उपयोगही नाही. जागा उघडी असेल तर काही दिवसांत पुन्हा अंडी येतात. नुसत्या काड्या असतील, अंडं नसेल, तर मात्र बिनधास्त काढा आणि रोज काढा. त्यात कुणाचा जीव जात नाही.

साफसफाईचं जरा नीट वाचा, कारण घरात दमा आहे. वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा हवेत उडतो, खरा त्रास त्याचा. त्यात बुरशी असू शकते, आणि बुरशी नसली तरी कबुतरांच्या धुळीची ॲलर्जी होऊन काहींच्या फुप्फुसाला सूज येते. सासऱ्यांचा खोकला किंवा धाप औषधानं आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घराला लागून कबुतरं आहेत. डॉक्टर विचारतीलच असं नाही. सफाईच्या दिवशी सासऱ्यांना नातेवाइकांकडं पाठवा आणि डक्टकडच्या खिडक्या बंद ठेवा. कोरडा झाडू अजिबात मारू नका. आधी साबणाचं पाणी फवाऱ्यानं मारून विष्ठा पुरती भिजवा, अर्धा तास थांबा, मग पत्र्याच्या पट्टीनं खरवडून दुहेरी पिशवीत भरा. तोंडाला साधा रुमाल चालत नाही, एन-९५ मास्क लावा, हातात रबरी मोजे घाला. नंतर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी करून जागा पुसून घ्या. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो आणि डक्टसारख्या कोंदट जागेत ते फार वाईट. घरट्यात बारीक लाल किडेही असतात. घरटं गेलं की ते खिडकीतून घरात शिरतात आणि अंगाला खाज सुटते. म्हणून घरटं काढणं आणि जागा धुणं एकाच दिवशी उरका.

आता जाळी. घराला कायमचा उपाय हवा असेल तर जाळीच. पण जाळीत शंभर भानगडी आहेत आणि पक्षी मरतात तेही बहुतेक वाईट बसवलेल्या जाळीतच. कबुतरासाठी भोकाचं माप ५० मिलिमीटर पुरतं. बारीक भोकाची घ्या, चांगली असते, असं दुकानदार सांगेल. ऐकू नका. ५० मिलिमीटरमधून चिमणी आरामात ये-जा करते आणि आपल्याला चिमणीशी भांडायचं नाही. तिला अडवायला १९ मिलिमीटरची जाळी लागते, ती घरात उजेड-वाराही कमी करते. धागा जाड, गुंफलेला आणि उन्हाला टिकणारा हवा. कारवार-गोव्याकडून आणलेली मासेमारीची जुनी पातळ जाळी काही जण गॅलरीला बांधतात. ती स्वस्त पडते, पण पक्ष्याला दिसत नाही, पाय आणि पंख अडकतात आणि दुपारभर तडफडून तो मरतो. तुमच्या खिडकीसमोर असं व्हायला नको असेल तर ती घरात आणूच नका.

जाळी तारेच्या चौकटीवर ताणायची असते. चारही बाजूंनी भिंतीत भोकं पाडून प्लॅस्टिकचे गट्टू आणि हुक, फूटभर अंतरावर एक. हुकांतून तार ओवायची, टर्नबकलनं, म्हणजे तार ताणायच्या स्क्रूनं, ताठ करायची आणि मग तिला जाळी जखडायची. नुसत्या खिळ्यांना जाळी लटकवून जाणाऱ्याला पैसे देऊ नका. काम झाल्यावर तळहातानं मधोमध दाबून बघा. लगेच परत ताठ झाली तर ठीक. हात आत जाऊन जाळी तशीच सैल राहिली तर परत ताणून घ्या. सैल जाळीतच पक्षी गुरफटतो, आणि खालच्या कडेला दोन बोटं फट राहिली तरी कबूतर चालत आत येतं. मग त्याला बाहेरची वाट सापडत नाही.

आपल्याकडं हुक कशाचे आहेत हे विचारून घ्या. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून आडवा पाऊस असतो, खानापूरकडं तर विचारायलाच नको. साधे लोखंडी हुक दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात, भिंतीवर तांबडे ओघळ येतात आणि एका वादळात अख्खी बाजू सुटते. स्टेनलेस स्टीलचे घ्या. फरक हुकांच्या किमतीचाच असतो, मजुरी तीच.

डक्टचं काम तुमच्या एकट्या फ्लॅटपुरतं करून भागत नाही. तुमच्या मजल्याला जाळी मारली तर कबुतरं वरच्या किंवा खालच्या पाइपवर बसतील आणि घाण तुमच्याच खिडकीसमोर पडत राहील. वर गच्चीवर डक्टच्या तोंडाला आडवी जाळी आणि खाली कुठं बाजू उघडी असेल तर तिथं उभी, असं सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून करायचं. प्लंबरला उतरता यावं म्हणून एका कडेला उघडझाप होईल असा भाग ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्याच गळतीला प्लंबर जाळी कापून मोकळा होईल. जाळी लावायच्या आधी प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून डक्ट बघून घ्या, कुठल्या पाइपमागं पिल्लू आहे का. आणि काम दुपारी करा. सूर्य मावळल्यावर नाही, कारण तेव्हा कबुतरं आत झोपायला आलेली असतात आणि कोंडली जातात. चुकून एखादं आत राहिलंच तर एक कोपरा सोडून ठेवा, सकाळी उजेडाकडं ते आपणच जातं. दोरावर उतरून काम करणारा पट्टा बांधतोय का हेही बघा. खिडकीतून वाकून स्वतः करायचं हे काम नव्हे.

एक गोष्ट जाळीपेक्षाही महत्त्वाची. कबुतरं नकोत म्हणून बाथरूमच्या व्हेंटिलेटरला प्लॅस्टिक चिकटवलेलं मी खूप घरांत बघतो. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर ते आजच काढा. हवा कोंडली की जळलेल्या गॅसचा विषारी वायू आत साठतो, त्याला वास नसतो, आणि अंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो. तिथं जाळीच हवी, झाकण नाही.

एसीच्या युनिटला पेटीसारखी जाळी चारही बाजूंनी करा, पण युनिटला खेटून नको. पुढं पंख्याची हवा मोकळी जायला हवी आणि मेकॅनिकचा हात आत जायला हवा. खिडकीच्या छज्ज्याला किंवा अरुंद पट्टीला जाळीची गरज नाही. तिथं उतार करा. ४५ अंशांपेक्षा जास्त तिरक्या गुळगुळीत पृष्ठभागावर कबूतर टिकत नाही, घसरतं. उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा वाकवून घ्या, दोन्ही टोकं बंद करायला सांगा, नाहीतर त्या पत्र्याखालीच घरटं होईल. दिसायला जाळीपेक्षा बरं आणि धुवायलाही सोपं.

काट्यांच्या पट्ट्या मिळतात, त्यांचा पक्ष्याला इजा करायचा हेतू नसतो. टोकं बोथट असतात, नुसतं बसता येत नाही. गच्चीच्या कठड्यावर, पाइपवर, जिथं ती फक्त टेकायला येतात तिथं त्या चालतात. जिथं घरट्याची सवय लागलीय तिथं त्यांच्यावर भरवसा नको. कबुतरं काट्यांत काड्या अडकवतात आणि वर आरामात अंडी घालतात, उलट घरटं हलत नाही. चिकट जेल तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. कबुतराच्या पंखाला ती लागली की उडता येत नाही, आणि चिमणी, शिंजीर असे लहान पक्षी तर चिकटूनच मरतात.

बाकीच्या उपायांचं दोन शब्दांत सांगतो. न ऐकू येणारा आवाज सोडणारं यंत्र कबुतरालाही ऐकू येत नाही, त्याला उलट आपल्यापेक्षा खालच्या पट्टीतले आवाज कळतात. चमकत्या पट्ट्या आठवडाभर काम करतात. तिखट, व्हिनेगर पहिल्या पावसात वाहून जातं. डांबराच्या गोळ्या उघड्यावर उडून जातात आणि घरात लहान मूल असेल तर धोका वेगळाच. पकडून लांब सोडून येणं म्हणजे पेट्रोल फुकट, कबूतर लांबूनही आपल्या जागी परत येतं. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून कबुतरांकडून निरोप पोचवून घेतले, ते याच गुणाच्या जोरावर. खानापूरच्या पुढं जंगलात सोडून या, तुम्ही घरी चहा घेईपर्यंत ते कठड्यावर असेल. विष घालणं, गलोलीनं मारणं यांचा विचारही नको. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे, आणि विष खाल्लेलं कबूतर खाऊन मांजर, घार, कुत्रं, जे येईल ते मरतं.

वडगावच्या घराचं काम तुलनेनं स्वस्त आहे, वेळ मात्र साधावी लागते. पावसाआधी, एप्रिल-मे मध्ये तुम्ही शाकारणी करून घेत असाल. कौलं उतरलेली असतात तेव्हाच वळचणीला वासे आणि भिंत यांच्यामधल्या फटी एक इंची वेल्डमेशच्या जाळीनं बंद करून घ्या. सिमेंटनं बुजवू नका. कौलारू घराची हवा तिथूनच खेळते, ती बंद झाली की पावसाळ्यात वासे आणि रिपा कुजतात. माळ्यावर कोण राहतं ते टॉर्च घेऊन आधी बघा. कबुतरं बाराही महिने अंडी घालतात, त्यामुळं उन्हाळ्यातही पिल्लं असू शकतात. जुन्या घरांत कधी पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबडही सापडतं. ते असेल तर त्याची वाट तेवढी सोडा, उंदीर तेच खातं. शेजारी विणकामाचे माग असतील आणि तिथल्या चिमण्यांची वळचण बंद होणार असेल तर भिंतीला लाकडी पेटी टांगा, भोक सव्वा इंचाचं ठेवा. त्यातून चिमणी जाते, कबूतर जात नाही.

राहता राहिले वरचे काका. जोंधळा पडत राहिला तर कितीही जाळ्या मारल्या तरी इमारतीवर कबुतरं राहणारच. एका कबुतराला दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास धान्य पुरतं. रोज सकाळी आयतं मिळालं की उरलेला सगळा दिवस घरट्याला मोकळा. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरानं वर्षानुवर्षं कबुतरं पकडून, मारून बघितली, संख्या कमी होईना. १९८८ मध्ये त्यांनी लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजवायची मोहीम घेतली आणि चार वर्षांत कबुतरं निम्मी झाली. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करायचा विषय निघाला तेव्हा केवढं रान पेटलं ते तुम्ही वाचलं असेल. म्हणून काकांकडं आरोग्याचं पत्रक घेऊन जाऊ नका. त्यांच्या लेखी ती जीवदया आहे आणि तिच्यावर बोट ठेवलं की बोलणं संपतं. सासूबाईंना पुढं करा, त्या एकाच वाटेच्या. “पिल्लं गेल्यावर जाळी लावतोय, दाण्यापायी परत येऊन जाळीत अडकतील” असं त्यांनी सांगितलेलं काकांना पटेल, आणि ते खरंही आहे. एकदम बंद करायला सांगू नका, दोन-तीन आठवड्यांत मूठ लहान करत जाऊ दे. कबुतरं उपाशी मरत नाहीत. रविवार पेठेत पोत्यांतून सांडलेलं धान्य टिपायला ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात. काकांना पक्ष्यांना घालायचंच असेल तर चिमण्यांसाठी तांदळाच्या कण्या टांगत्या डब्यात, बारीक भोकं ठेवून घालू दे.

इमारतीच्या फळ्यावर सूचना लावाल ती मराठी आणि कानडी दोन्हींत लावा. आपल्याकडं एकाच भाषेत लावली की विषय कबुतरांचा राहत नाही.

गच्चीवर सोलर हीटर असेल तर तोही बघा. कर्नाटकात घरोघर असतो आणि त्याच्या पॅनेलखाली सावली, ऊब, आडोसा सगळं आयतं मिळतं. कडेनं जस्ताची जाळी क्लिपांनी लावून घ्या, पॅनेलच्या चौकटीला भोक पाडू देऊ नका. उन्हाळ्यात पापड, सांडगे, कुरडया वाळत घालाल तेव्हा वर जुनी मच्छरदाणी ताणा.

जाळीत किंवा मांज्यात अडकलेलं कबूतर सापडलं तर ओढू नका. डोक्यावरून टॉवेल टाका, अंधार झाला की ते शांत होतं. मग कात्रीनं दोरा कापा, पायाला गुंडाळलेला असेल तर एकेक वेढा सोडवा. रक्त असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात घालून पशुवैद्यकाकडं न्या.

जाळी लागल्यावर जुनी जोडी समोरच्या इमारतीवरून बघत बसेल, रोज येऊन कोपरे तपासेल, जाळीला चोच मारेल. हे दोन-तीन आठवडे चालतं. त्या काळात एखादी कड सुटली तर तुमच्या आधी त्यांना कळतं, म्हणून रोज एक नजर टाका. नंतर वर्षातून दोनदा पुरे, एकदा मेमध्ये आणि एकदा पहिल्या जोराच्या पावसानंतर.